आधी मराठी शीक

त्या दिवसाचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

मी वर्ध्याला राहते आणि एका संस्थेत युवा गटांचं काम पाहते. सेलू तालुक्यातल्या गावांत जायचं, कॉलेजात जाणाऱ्या, कॉलेज सुटलेल्या, घरी बसलेल्या मुलामुलींबरोबर सतरंजीवर बसायचं आणि त्यांचं म्हणणं ऐकायचं, असं हे काम आहे. ‘तुम्ही त्यांना शिकवता काय?’ असं लोक विचारतात. शिकवत नाही, ऐकते, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. ऐकणं हेही काम असतं, हे आपल्याकडे कुणाला पटत नाही.

सिंदी रेल्वे नावाच्या छोट्या शहराच्या अलीकडे एक गाव आहे. तिथल्या गटात एक मुलगी होती, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. वडील शेतमजूर, आई अंगणवाडीत मदतनीस, घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. गटात ती उगाच बोलायची नाही, पण एखादी गोष्ट मनात धरली की सोडायची नाही.

त्या गावचा प्रश्न साधा होता. सकाळी वर्ध्याला जाणारी एसटी फाट्यावर थांबत नव्हती. आधीच भरून यायची आणि हात दाखवला तरी ड्रायव्हर निघून जायचा. पोरं ऑटोला लटकून जायची. पोरींना घरचे लटकू देत नव्हते, आणि बरोबरच होतं त्यांचं. मग प्रॅक्टिकल बुडायचं, हजेरी बुडायची. याच पायी दोघी जणींचं कॉलेज सुटलं होतं.

त्याच सुमारास आमच्या संचालकांनी गावात ‘युवा मार्गदर्शन’ कार्यक्रम ठरवला. नागपूरहून एक नावाजलेले वक्ते येणार होते, मोठमोठ्या अधिकाऱ्यांत ऊठबस असलेले. शेवटी प्रश्नोत्तरं ठेवू, असं संचालकांनी कबूल केलं. गटानं ठरवलं, बसचा विषय तिथंच काढायचा. विचारायचं तिनं.

आदल्या आठवड्यात तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, पुस्तकातल्यासारखं बोलू काय?”

मी म्हटलं, “जशी बोलतेस तशीच बोल.”

आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

कार्यक्रम ग्रामपंचायतीच्या सभागृहात होता. कापूस वेचणीचे दिवस. मजुरी सोडून पोरी आलेल्या. पाहुणे उशिरा आले, मग सरपंचांच्या घरी चहा-नाश्ता झाला, तोवर पोरं सतरंजीवर बसून होती. पाहुण्यांनी आल्यावर उशीर झाला एवढंही म्हटलं नाही. माइक हातात घेतला आणि सुरुवातच केली, “आजची पिढी मोबाइलमध्ये मान घालून बसलेली आहे.” समोर एकाच्याही हातात मोबाइल नव्हता. ते बराच वेळ बोलले. आपण त्यांच्या वयात काय काय केलं, किती कष्ट काढले, आणि ही पोरं कशी आळशी. एकालाही त्यांनी नाव विचारलं नाही, काय करतोस असं विचारलं नाही.

मग त्यांची नजर मागच्या एका पोरावर गेली. त्याचे केस पुढून लालसर रंगवलेले होते. “हा कोंबडा कोणाचा रे?” ते म्हणाले. सभागृह हसलं. सरपंच हसले, आमचे संचालकही हसले. तो पोरगा मंडपवाल्याकडे कामाला जातो. बसायला अंथरलेल्या सतरंज्या त्यानंच सकाळी झटकल्या होत्या, पाहुण्यांची खुर्चीही त्यानंच पुसून ठेवली होती. तो खाली मान घालून बसला. मी उठणार होते, पण म्हटलं, प्रश्नोत्तरं होऊ देत.

ती उभी राहिली. आवाज स्पष्ट होता.

“सर, आमच्या फाट्यावर सकाळची बस थांबत नाई. आमाले कालेजले जाता येत नाई. दोघी जणी घरी बसल्या. तुमची ओळख हाय, तर तुमी सांगू शकता काय कोनाले?”

पाहुणे हसले. माइक तोंडाशी नेऊन त्यांनी तिची नक्कल केली. “आमाले? कालेजले?” आणि मग म्हणाले, “बाळा, आधी मराठी शीक. मग बसचं बघू.”

पुन्हा हशा. मागं बसलेल्या गावातल्या थोरांचाही. हे थोर घरी जाऊन बायकोला ‘मले जेवाले दे’ असंच म्हणणार होते. आपल्याच भाषेची नक्कल होताना हसणारी माणसं पाहिली की मला कळत नाही रागावू का रडू.

मला वाटलं ती आता खाली बसेल. ती उभीच राहिली.

“सर, मी काय म्हटलं ते तुमाले समजलं काय?”

“समजलं ना, पण...”

“मंग उत्तर द्या ना.”

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. पाहुण्यांचा चेहरा बदलला. “आडनाव काय तुझं?” त्यांनी विचारलं.

आपल्याकडे आडनाव कशासाठी विचारतात ते तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. तिलाही. तिनं सांगितलं, मान वर ठेवून. त्यांनी “हं” केलं, सरपंचांकडे पाहिलं आणि माइक अर्धवट खाली करून म्हणाले, “सवलती मिळतात हो, शिस्त नाही मिळत.”

मी उठले. “सर, तिच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय,” मी म्हटलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “आणि आत्ता जे बोललात ते मागं घ्या.” त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्या संचालकांनी घाईघाईनं माइक घेतला आणि आभार मानायला सुरुवात केली. शाल, श्रीफळ, टाळ्या. गाडी धूळ उडवत गेली.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी मला बोलावलं. चहा मागवला. त्यांनी चहा मागवला की काहीतरी पचायला जड सांगायचं असतं.

“त्या मुलीला नागपूरला घेऊन जा. एकदा माफी मागू दे. लहान आहे, माफी मागितल्यानं काय बिघडतं?”

“मोठ्यांनी मागितली तर काय बिघडतं?” मी विचारलं.

“तुम्ही भावनिक होताय. अशानं पुढे कोणी पाहुणे येणार नाहीत.”

“असे न आलेलेच बरे.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मग मीच जातो तिच्या घरी.”

ते जाण्याआधी मी गावात पोचले. दुपारी विहाराच्या ओट्यावर गट जमला. जे ऑफिसात झालं ते मी जसंच्या तसं सांगितलं. पोरापोरींपासून गोष्टी लपवून त्यांच्या वतीनं निर्णय घ्यायचा, हाही एक अपमानच असतो. आणि तो आमच्यासारखी भली माणसं फार प्रेमानं करतात.

ती म्हणाली, “माफी मागते ताई. पन काय म्हनून मागू ते पयले त्याइले इचारा. प्रश्न इचारला म्हनून, का आपल्या बोलीत बोलली म्हनून, का आडनाव सांगितलं म्हनून?”

लाल केसांचा पोरगा म्हणाला, “मंग कोंबड्यानं बी मागाची काय?” सगळे हसले. त्या सभागृहानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना ऐकलं. पण तो स्वतः हसला नव्हता. जरा वेळानं त्यानं मला हळूच सांगितलं, “ताई, आता मी कोनाच्या कार्यक्रमाले येत नाई. तुमच्यात येतो फक्त.” रंगवलेल्या चार केसांपायी एका माणसाला सभेची दारं बंद झाली, आणि ज्यानं बंद केली त्याला आपण काय केलं याचा पत्ताही नसेल.

संचालक खरंच आले. तिच्या घरी खाटेवर बसले. संस्कार, मोठ्यांचा मान, गावाचं नाव, सगळं बोलून झालं. मुलगी दाराशी उभी होती. उत्तर तिच्या आईनं दिलं.

“साहेब, माह्या पोरीनं त्याइले शिवी देल्ली काय?”

“नाही.”

“खोटं बोलली काय?”

“तसं नाही हो.”

“मंग कायची माफी?”

संचालकांनी चहा संपवला आणि निघाले. गाडीपर्यंत मी बरोबर गेले. “तुम्ही या लोकांना डोक्यावर चढवून ठेवलंय,” ते म्हणाले. ‘या लोकांना’ म्हणजे कोणाला, हे मी विचारलं. त्यांनी दार लावून घेतलं.

त्यानंतर गटानं स्वतःच ठरवलं, कोणाची ओळख नको, सरळ वर्ध्याच्या डेपोत जायचं. मलाही चल म्हणाले, पण बोलणार आम्हीच, अशी अट घातली. मला ती अट फार आवडली.

डेपोत गाड्यांचं वेळापत्रक पाहणारे एक पिकल्या केसांचे गृहस्थ होते. कामात बुडालेले. आम्हाला पाहून आधी त्रासले. मग हातातलं काम बाजूला सारलं, समोरच्या बाकाकडे हात केला आणि तिला म्हणाले, “बोल माय. कोनती गाडी?”

तिनं सांगितलं. तेच शब्द, तेच ‘आमाले’, तेच ‘कालेजले’. ते मध्ये बोलले नाहीत. नंतर त्यांनी प्रश्न विचारले. फाट्यावर साधारण किती जण असतात, गाडी कुठं भरते, परतीला काय करता. लाल केसांच्या पोरालाही विचारलं, “तू रोज पाहतो ना बाबू, ऑटोवाले थांबते काय तिथं?” त्यानं हातवारे करून सगळा फाटा समजावला. शेवटी ते म्हणाले, “नवी गाडी देतो असं खोटं सांगत नाई. पन थांबाले लावतो. नाई थांबली तर मले येऊन सांगजो.”

त्यांनी एकदाही ‘तुम्ही’ म्हटलं नाही, सगळ्यांना ‘तू’च. व्यासपीठावरच्या माणसानंही ‘तू’च म्हटलं होतं. मान शब्दात नसतो, हे मी प्रशिक्षणांत कितीदा ऐकलं होतं. त्या बाकावर ते डोळ्यांनी पाहिलं.

गाडी थांबायला लागली. रोज नाही, पण बहुतेक दिवस. घरी बसलेल्या दोघींपैकी एक परत कॉलेजात जाऊ लागली. दुसरीचं तोवर लग्न झालं होतं. ती आता जाम नावाच्या गावाजवळ असते. तिच्यासाठी कुणीच वेळेत थांबलं नाही, बसही नाही, आम्हीही नाही.

मला मधले काही महिने गावातल्या कामातून काढून ऑफिसात बसवलं. मी बसले. दर रविवारी स्वतःच्या पैशानं सिंदीची गाडी पकडून गटाला भेटत राहिले. शेवटी गटच संचालकांना भेटायला आला आणि मला परत मागून घेऊन गेला.

गेल्या महिन्यात ऑफिसात बैठक झाली. आमच्या सगळ्या कार्यकर्त्यांसाठी शिबिर ठरलं. विषय, ‘तरुणांशी संवाद कसा साधावा’. वक्ते म्हणून संचालकांनी त्याच माणसाचं नाव सुचवलं. टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ते नाव माहीत होतं, त्या गावात काय झालं तेही माहीत होतं. सगळ्यांनी वहीत तारीख लिहून घेतली.

मी म्हटलं, “हे येणार असतील तर मी दारात उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन की त्यांनी काय केलं.”

“तुम्ही अजून ते धरून बसलात?” संचालक म्हणाले.

“हो,” मी म्हटलं.