झाकणाचा वास

माझ्या वडिलांचं हृदय आतून कसं दिसतं हे हुस्नानं माझ्याआधी पाहिलं. त्याला आता तीन महिने झाले. मला ते अजून पचलेलं नाही.

हुस्ना माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. मुरगूडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचे वडील, रशीदचाचा, सायकली दुरुस्त करतात. शाळा सुटली की ती दुकानात बसायची. चाचा टबातल्या पाण्यात ट्यूब दाबून धरायचे आणि बुडबुडा कुठून येतो ते ही सांगायची. चाचांना दिसायच्या आधी. बारावीनंतर तिनं हृदयाच्या तपासण्यांचा डिप्लोमा केला. मी मराठीत एम.ए. केलं, विद्यापीठात दुसरी आले. तिला शाहूपुरीतल्या एका हॉस्पिटलात लगेच काम मिळालं. मी तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे वर्षातले पाच महिने शिकवते. ती मला अजून ‘मेरिटवाली’ म्हणते. चिडवायला नव्हे, मनापासून. म्हणून जास्त लागतं.

ती इको काढते. छातीवर जेल लावायचं, त्यावर मशीनची मूठ टेकवायची आणि पडद्यावर हलणारं हृदय बघायचं. सोनोग्राफीच, पण हृदयाची. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते. हात हुस्नाचा.

माझे वडील केरबा. आम्ही अण्णा म्हणतो. गावच्या दूध संस्थेत त्यांनी चाळीस वर्षं दूध तपासलं. फॅटचं मशीन नंतर आलं. आधी त्यांचं नाक होतं. कॅनचं झाकण उघडायचे, नाकाशी धरायचे, श्वासाचा एकच झटका. मग म्हणायचे, “वत”, म्हणजे टाकीत ओत, किंवा “परत ने.” सख्ख्या भावाचं दूध त्यांनी भर रांगेत परत पाठवलं होतं. संस्थेत इतके खणखणीत असलेले अण्णा घरात बोलत नसत. मला किती मार्क पडले हे त्यांनी कधी विचारलं नाही.

त्या सोमवारी सकाळी त्यांना आडवं होता येईना. पडलं की श्वास कोंडायचा. पाय सुजून चपला चढत नव्हत्या. शाहूपुरीत पोचेपर्यंत ओठ काळसर झाले. हृदय कमी पडतंय, फुप्फुसात पाणी साठलंय, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी इको सांगितला आणि मशीन ढकलत हुस्ना आली.

“केरबाकाका, वळखलं न्हवं?”

“रशीदची पोरगी तू,” अण्णा धापा टाकत म्हणाले. “बघ बाई. किती फॅट लागतंय बघ.”

मी दार धरून उभी होते. माझ्याशी ते सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते.

हुस्ना पडद्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. तीच टबाजवळची पोरगी, पण आता घाई नव्हती. मग तिनं मूठ पोटाच्या वरच्या बाजूला टेकवली आणि म्हणाली, “काका, आता नाकानं जोरात वास घ्या. एकदम.”

अण्णांना जमेना.

“कॅन आलाय. झाकण उघडलंय. घ्या वास.”

अण्णांनी घेतला. तोच झटका. चाळीस वर्षांचा.

मी थक्क झाले. हे मला सुचायला हवं होतं. तो झटका मी लहानपणापासून रोज बघत आले होते.

नंतर कॅन्टीनमध्ये तिनं समजावून सांगितलं. हृदयाकडे रक्त आणणारी एक मोठी शीर असते. वास घेतला की ती आकसायला हवी. अंगात पाणी तुंबलं असेल तर ती तट्ट फुगून राहते.

“सगळे पंपिंगचा आकडा इचारतात,” ती म्हणाली. “काकांचं तीस टक्के हाय. साठच्या आसपास पायजे. पण घरी गेल्यावर कोण टिकणार आणि कोण महिन्यात परत येणार, ते ही शीर लई वेळा सांगती. आणि हृदयाची उजवी बाजू.”

“आणि अण्णा?”

“आता न्हाय सांगता येत. घरी सोडायच्या आधी परत बघायचं. तवाची शीर खरी.”

ती चहा फुंकत होती. माझ्या बापाचं भविष्य तिच्या हाताखालून जाणार होतं आणि मी तिच्या बिस्किटाचा पुडा फोडत होते.

तिसऱ्या दिवशी अण्णांना आयसीयूतून वॉर्डात हलवलं. सूज उतरली होती. दिवसाला एक लिटर पाणी, त्याहून थेंब जास्त नाही. बाटलीवर हुस्नानंच पेनानं रेघा मारून दिल्या. अण्णा ती बाटली येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. “हुस्नीनं आखून दिलीया. मापात काम.” दिवसातून दोनदा ती डोकवायची. ते तिला संस्थेतल्या गोष्टी सांगत. कोण पाण्यात हळद घालून दूध पिवळं करायचा, कोण चिमूटभर सोडा टाकायचा. मी त्या पहिल्यांदाच ऐकत होते, पलीकडच्या स्टुलावरून.

मग एका सकाळी, मी एसटीनं डबा घेऊन आले तेव्हा, त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

“क्रांते, उद्या थर्मासात दूध आण. आपल्या म्हशीचं.”

“चालतं का पण?”

“न चालायला काय झालं? पाणी बंद केलंय. दूध म्हंजे पाणी हाय व्हय? दुधाला पाणी म्हणणाऱ्याला चाळीस वरसं रांगेतनं हाकललंय मी.” मग हळूच म्हणाले, “हुस्नीला सांगू नगं. उगं डॉक्टरचं आयकून बसंल.”

मला हसू आलं. मला छानही वाटलं, ते लपवत नाही. त्यांचं एक गुपित माझ्याकडे होतं आणि तिच्याकडे नव्हतं.

सकाळी अर्धा लिटर, दुपारी अर्धा. तीन दिवस.

त्या तीन दिवसांत इंजेक्शनं वाढली आणि वजन उतरेना. पायावर बोट दाबलं की खळगा परत राहू लागला. घरी सोडायचं ठरलं होतं त्या दिवशी हुस्नानं इको काढला.

“वास घ्या, काका.”

अण्णांनी झटका दिला. हुस्नानं मूठ जरा तिरकी केली.

“परत एकदा.” मग तिसऱ्यांदा. मग तिनं विचारलं, “काका, पाणी किती पिता?”

“लिटर. बाटली बघ की.”

“खरं सांगा.”

“केरबा खोटं बोलतोय?” अण्णांचा आवाज चढला आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. हुस्नानंही बघितलं.

“लिटरच,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. एवढं औषध देऊनही शीर तशीच आहे, हृदयाची उजवी बाजूही दमतेय, म्हणाले. औषधाला दाद न देणाऱ्या पेशंटचे पुढचे महिने अवघड जातात. आणखी कडक औषध लावावं लागेल, ते किडनीला झेपेल का सांगता येत नाही.

ते गेले. हुस्ना मशीन भिंतीला लावून माझ्याशेजारी बाकावर बसली. तिचे डोळे भरले होते.

“मेरिटवाली, मला वाटलं व्हतं आज आकसंल. काका चांगले चालले व्हते गं. काय चुकलं तेच कळंना.”

तिला कळत नव्हतं. बुडबुडा कुठून येतोय ते तिला दिसत नव्हतं आणि मला दिसत होतं. बारावीनंतर पहिल्यांदा मी तिच्या पुढे होते. मी ते सुख घेतलं. किती वेळ, सांगता येणार नाही. ती नाक पुसेपर्यंत.

मग तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, “आईला बोलवून घे.”

आईला. म्हणजे इतकं.

पिशवीत दुपारचा थर्मास होता. मी तो काढला, झाकण फिरवलं आणि तिच्या नाकाशी धरलं.

तिनं वास घेतला.

“दूध?”

“रोज लिटर. पाण्याखेरीज.”

ती उभी राहिली. “आणि मगाशी मी इचारलं तवा?” मी झाकण फिरवून बसवलं. “एमए झालीस की गं! दूध काय चावून खातात व्हय? आता किडनीवर येणारी औषधं लावणार व्हते त्यांना!” कॉरिडॉरमधली माणसं बघू लागली. “का पण? का बोलली न्हाईस?”

ते कारण मी तिला सांगितलं नाही. ती थर्मास उचलून डॉक्टरांच्या खोलीकडे जवळजवळ पळाली.

कडक औषध टळलं. दूध बंद झालं. अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

“चुगलखोर,” एवढंच म्हणाले. थर्मास डॉक्टरांकडे नेणारी हुस्ना, पण तिच्याशी बोलणं चालूच.

चार दिवसांनी परत इको. या वेळी हुस्नानं मला पडद्याजवळ उभं केलं.

“काका, कॅन आलाय.”

झटका. करड्या पडद्यावर एक काळा पट्टा होता. तो अर्ध्याहून बारीक झाला, परत फुगला. मला एवढंच दिसलं. तिला आणखी बरंच दिसलं असणार. तिनं डोळे मिटून सुस्कारा सोडला.

“वतू का परत नेऊ?” अण्णांनी विचारलं.

“वता,” हुस्ना म्हणाली. “पण झाकण क्रांतीनं उघडलं, काका.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

आता घरी आहेत. पंपिंग पस्तीसवर आलंय. दर महिन्याला तपासणी असते. त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालतात. हुस्नासाठी आईकडून खरवस करवून घेतात. मी नेऊन देते.

घरात माप माझ्याकडे आहे. संस्थेतलं जुनं लिटरचं माप त्यांनीच काढून दिलं. पाणी, चहा, ताक, आमटीचं पाणी, दूध, सगळं त्यातूनच जातं. दिवसाच्या लिटरातलं संध्याकाळी दुधापुरतं पावशेर उरतं. काल ते ओतताना अण्णांनी पेल्याचा वास घेतला आणि माझा हात बघत राहिले. मी पावशेराच्या रेघेवर थांबले.

“लई कडक हाईस,” ते म्हणाले. “हुस्नीनं घोटभर सोडलं असतं की.”

मी माप पालथं घालून ठेवलं.