ठेवलं म्हणजे राहिलं

आमच्या चाळीत डॉक्टर एकही नव्हता, पण मला दिवस राहत नाहीत म्हटल्यावर सगळी चाळ डॉक्टर झाली. लग्नाला सात वर्षं होत आली होती. उपास झाले, गंडेदोरे झाले, कोकणातल्या देवाला कौल लावून झाले. शेवटी परळच्या एका दवाखान्यात टेस्ट ट्यूबचं करायचं ठरलं आणि गिरगावातल्या आमच्या गॅलरीत जी अक्कल पाजळली गेली तिच्यावर दुसरा दवाखाना सहज चालला असता. काचेतल्या मुलाला बेंबी नसते, असं शेजारच्या काकूंनी मला सांगितलं. दवाखान्यात बाटल्यांची अदलाबदल होतेच, तेव्हा मूल कोणाचं हे देवालाच माहीत, असं वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले. जुळं होणार हे तर सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आणि दोष माझा, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. तपासणीत थोडा दोष माझ्यात निघाला होता आणि बराचसा ह्यांच्यात, पण ते आम्ही दोघांनी पोटात ठेवलं. वांझ हा शब्द मात्र मी एकटीने ऐकला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सगळं नीट समजावलं होतं. नळीबिळी काही नव्हतीच. माझ्या शरीरातून बीज काढायचं, काचेच्या बशीत ह्यांच्या बीजाशी त्याची गाठ घालून द्यायची, आणि दोन दिवसांनी ते परत माझ्याच पोटात ठेवायचं. "पुढचे नऊ महिने तुमचेच. आम्ही नुसती गाठ घालून देतो," बाई म्हणाल्या. ठेवून झाल्यावर त्यांनी सासूबाईंनाही आत बोलावलं. "एक लक्षात ठेवा, ठेवलं म्हणजे राहिलं असं नाही. बऱ्याच जणींना राहत नाही. पंधरा दिवसांनी रक्त तपासू, तोवर काही धरून चालू नका. आजचा दिवस आराम करू दे, उद्यापासून रोजचं सगळं करू दे. ते काही ओट्यावरचं लिंबू नाही घरंगळून पडायला."

सासूबाईंनी यातलं फक्त 'ठेवलं' तेवढं ऐकलं. टॅक्सीतून उतरले तेव्हा दारात ओवाळायला बाया उभ्या होत्या. बाजारात तुरी म्हणतात त्यातला प्रकार. त्या दिवसापासून मी गर्भारशी झाले. खाटेच्या पायथ्याखाली विटा घातल्या, कारण पाय वर असले की पडत नाही. गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत चालायला बंदी, म्हणून मोरीत भांडं. शिंकायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही. मी एकदा म्हटलं, "अहो आई, बाई म्हणाल्या ना हिंडाफिरा म्हणून," तर म्हणाल्या, "त्यांचं काय जातंय? पडलं तर आपलं पडेल."

सासूबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मी भांडले तरी असते. स्वतः पेज भरवायच्या, केस विंचरून द्यायच्या. सात वर्षांत पहिल्यांदा त्या घरात माझे लाड होत होते आणि मला ते आवडत होतं, हेही खरं. बाईंचं बोलणं मला पाठ होतं, तरी चार दिवसांनी मीसुद्धा कुशीवर वळताना श्वास धरायला लागले. पन्नास माणसं एकच गोष्ट सांगायला लागली की स्वतःचे कान खोटे वाटतात.

सगळे बघायला येऊन गेले. आई आली, भाऊ येऊन गेला, ह्यांच्या कचेरीतले साहेब बायकोला घेऊन आले. आले नाहीत ते फक्त माझे बाबा. बाबा नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचे. उभा जन्म गिरणीच्या साचेखात्यात मागावर गेला, संपात गिरणी गेली ती गेलीच, आणि त्यानंतर ते दादरला एका इमारतीवर रात्रीचे रखवालदार होते. म्हणजे सकाळ मोकळी. नायगावहून गिरगावला बस थेट मिळते. आईला विचारलं तर म्हणाली, "कामात असतात," आणि विषय बदलला. मला आलेला राग मी आईवरच काढला. म्हटलं, त्यांना सांग, तुमची लेक अजून जिवंत आहे.

बाबांचं आणि माझं बोलणं तसं कधीच फार नव्हतं. दारात उभे राहून ते विचारायचे, "सगळा ठीक मां?" मी हो म्हणायचे, की झालं. बाईच्या पोटातल्या गोष्टी तर आमच्याकडे बापासमोर निघतच नसत. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हाही आईने त्यांना फक्त 'ती आज बाजूला बसलीय' इतकंच सांगितलं होतं. लाज हीच रीत होती, आणि ती आम्ही सगळे पाळत होतो.

रक्त तपासायला अजून आठवडा होता. त्या दिवशी सकाळी खाली कोणीतरी ह्यांना हाक मारली. हे वर आले ते चेहरा पाडूनच. कामावरून घरी आल्यावर बाबांनी अंघोळ केली, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत छातीत कळ येऊन गेले. मी खाटेवरून उतरले आणि चपला शोधायला लागले. सासूबाई उंबऱ्यात बसल्या. त्यांनी हात जोडले. "गर्भार बाईने मढ्याचं तोंड बघू नये. मी पाया पडते तुझ्या."

मी म्हटलं, मी अजून गर्भार नाही. म्हटलं, बाई काय म्हणाल्या ते आठवा. त्यांना ढकलून मी गेलेही असते, कारण माझ्या अंगात तेवढी रग होती. पण तेवढ्यात भाऊ आला. मला वाटलं न्यायला आला. तो दाराबाहेरच थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आईने सांगितलंय, ताईला आणू नका. गेलेलं माणूस परत येत नाही, येणारं तरी सांभाळा म्हणाली."

सासूशी भांडता येतं. आईने कपाळ पुसलेलं असताना असा निरोप पाठवला, तर तिच्याशी काय भांडणार? मी परत खाटेवर जाऊन पडले. विटांमुळे पाय वर होते, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी सगळं केसांत जात होतं. बाबांना भोईवाड्याच्या स्मशानात नेलं. शेवटचं तोंड भावाने पाहिलं, शेजाऱ्यांनी पाहिलं, दादरच्या त्या इमारतीतल्या बिऱ्हाडकरूंनीही येऊन पाहिलं.

रक्त तपासायच्या आदल्या दिवशीच मला विटाळ आला. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही गेला असतात तरी हेच झालं असतं. तुमच्या जाण्या न जाण्याचा याच्याशी काही संबंध नव्हता." त्या धीर द्यायला म्हणाल्या. मला मात्र वाटलं, असं त्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. काहीतरी वाचवण्यासाठी गेले नाही, एवढं समाधान तरी उरलं असतं. पुन्हा ते करायचं नाही असं मी टॅक्सीतच ठरवलं, आणि केलं नाही.

घरी न जाता टॅक्सी उलटी नायगावला वळवली. आता मला कोणी अडवणार नव्हतं. आईच्या गळ्यात पडून रडून झालं, आणि मग जे मनात सलत होतं ते मी विचारलंच. म्हटलं, सगळं जग आलं, बाबा एकदाही का आले नाहीत माझ्याकडे?

आईने डोळ्यांना पदर लावला. "मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की आपल्या लेकीचं पोर परळला काचेत ठेवलंय. पुढचं, पोटात घातलंय वगैरे, बापयमाणसाला कसं सांगायचं? रोज सकाळी कामावरून परस्पर तिकडे जायचे. दवाखान्याच्या आवारात बाकावर बसायचे, ऊन वर येईस्तोवर. मी म्हणायचे, अहो, लेकीकडे जाऊन या. तर म्हणायचे, चेडवाकडे माणसां आसत. त्या पोराकडे कोण आसा?"