पाठ फिरवून बघितलेली मॅच

आपला संघ बॉल घेऊन पुढे निघाला की आंटी प्लॅस्टिकची खुर्ची उचलायच्या, गर्रकन फिरवायच्या आणि मैदानाकडे पाठ करून बसायच्या. मग मला म्हणायच्या, "सांग रे बाबा, काय चाललंय?"

आता बघा, आठवड्याची एकुलती एक सुट्टी, इथे आखातात बौशरहून खाबुऱ्यापर्यंतचा तो लांबलचक हायवे, उन्हात तापलेली गाडी, आणि एवढं सगळं करून मॅचकडे पाठ! मॅच बघायला जाणारी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. मॅच न बघायला इतक्या लांब जाणारं माणूस मी हे एकच पाहिलं.

आंटी वसईच्या. बौशरमधल्या आमच्या हॉटेलात लाँड्रीच्या इन्चार्ज. मी गुहागरकडचा, तिथेच मेंटेनन्सला. लाँड्रीची व्हॅन चालवायचा सालेम, तो खाबुऱ्याचा, आणि गावच्या संघाचा गोलकीपर. संघ म्हणजे काय, लीगबिगमध्ये कुठे नाव नाही. कुणी मासेमारीवरून येतो, कुणी दुकान बंद करून, आणि शेजारच्या गावाशी जीव तोडून खेळतात. सालेमने एकदा आंटींना आग्रहाने बोलावलं. त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून मलाही ओढलं. तिथून आम्हाला हे वेड लागलं.

पहिल्या मॅचला गोल झाला तेव्हा आंटी वाकून डब्यातले फुगे काढत होत्या. फुगे म्हणजे वसईचे, तळलेले, गोडसर, टम्म. दुसऱ्या मॅचला गोल झाला तेव्हा चपलेतली वाळू झटकत होत्या. आणि जेव्हा जेव्हा डोळे फाडून बघत बसल्या, तेव्हा तेव्हा बॉल एक तर आभाळात, नाहीतर पलीकडच्या खजुरीच्या बागेत. आंटींनी निकाल लावून टाकला, "माझीच नजर लागते रे."

मी समजावलं, चिडवलं, हात जोडले. ढिम्म हलल्या नाहीत.

मैदानाच्या कडेला गालिचा अंथरून गावातली म्हातारी मंडळी बसायची, त्यात एक दात नसलेले बाबाही. मधे काहव्याची, म्हणजे तिथल्या कडू कॉफीची, किटली आणि खजूर. खुर्ची फिरली की आंटींचं तोंड नेमकं या मंडळींसमोर यायचं. ते फुगे खायचे, या काहवा प्यायच्या. तिथली रीत अशी, की कप हलवून परत दिला तरच "बस झालं" समजतात, नाहीतर ओतत राहतात. आंटींना हे चांगलं ठाऊक होतं. पण माझी कॉमेंटरी ऐकण्याच्या नादात कप हलवायचं भान कुणाला?

"डावीकडून चाललाय आंटी... पास दिला... अरेरे, पडला!"

"कोण पडला?"

"आपला."

"लागलं का त्याला?"

"नाही, उठला."

"मग बोल ना पुढे! मुक्यासारखा काय बसलायस?"

परतीच्या वाटेवर पोटातला तो सगळा काहवा बोलायचा. मी गाडी चालवायचो आणि आंटी अख्खी मॅच मला सांगायच्या. न बघितलेली!

मग एक दिवस चादरींच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "व्हिसा कॅन्सल करतेय. कायमची चालले वसईला. खलास." आणि पुढे म्हणाल्या, "एकच राहिलं रे. सालेमच्या टीमचा एक गोल या डोळ्यांनी बघायचाय."

"मग बघा की!"

"आणि माझ्यामुळे हरले तर? पोरं जन्मभर माझ्या नावाने खडे फोडतील."

त्यांची ती शेवटची मॅच. समोर असा संघ, ज्याला आमच्या पोरांनी कधीच हरवलं नव्हतं. गोल ना इकडे, ना तिकडे. माझा घसा बसला. अगदी शेवटी शेवटी आम्हाला पेनल्टी मिळाली, आणि आंटींचे हात सवयीने खुर्चीकडे गेले.

पण पेनल्टी मारायला आला सालेम. आपला गोल सोडून, धापा टाकत, अख्खं मैदान ओलांडून. बॉल ठेवला, कमरेवर हात घेतले आणि आमच्याकडे वळून ओरडला, "मम्मा! आज तुम देखेगा, तभी मैं मारेगा!"

रेफरीने शिट्टी मारली. सालेम हलेना. परत शिट्टी. म्हातारे "यल्ला, यल्ला" करत घाई करायला लागले. सगळं गाव आंटींकडे बघतंय! मला हसू आवरेना.

"एका डोळ्याने बघते," आंटी म्हणाल्या. "लागली तर अर्धीच लागेल."

डावा डोळा तळहाताने झाकला, दुसऱ्या हाताने माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. सालेम धावला. मारला. ठण्ण! बॉल खांबावर!

"मेले मी!" आंटी किंचाळल्या आणि गर्रकन फिरल्या.

आणि नेमका तेव्हाच परत आलेला बॉल आमच्याच एका काटकुळ्या पोराच्या गुडघ्याला लागला आणि आत गेला. गोल! गोलच! मी नाचलो, म्हातारे नाचले, कुणाचा तरी कप माझ्या पायावर उपडा झाला. आणि या सगळ्यात आंटी मैदानाकडे पाठ करून उभ्या, हसतायत आणि रडतायत.

सालेम धावत आला. "मम्मा, देखा? देखा?"

मी तोंड उघडलं. आंटींनी दंडाला असा चिमटा काढला की ते मिटलं.

"देखा रे देखा! दोनो आँख से देखा!"

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "आंटी, धडधडीत खोटं बोललात. तुमचा गोल राहिलाच." माझाच जीव हळहळत होता.

"काही राहिलं नाही. गोल झाला की त्या दात नसलेल्या बाबांचं तोंड कसं उघडतं, बघितलंयस कधी? तू कसला बघतोस! तू मॅच बघत असतोस."

आंटी गेल्या. गाडीत शेजारची सीट रिकामी असते, आणि मी काही एकटा बडबडू शकत नाही. परवा मैदानावरून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. आमची पोरं पुढे निघाली होती, म्हणून फोन मैदानाकडे धरला. तिकडून वसईचा आवाज आला, "फिरव आधी! फिरव, माझी नजर लागेल! बाबांना दाखव मला!"

फोन फिरवला, तसा मीही फिरलो. किटलीपाशी ते दात नसलेले बाबा खजूर चघळत मैदानाकडे बघत होते. बघता बघता त्यांचं तोंड उघडलं, खजूर खाली पडला आणि दोन्ही हात वर गेले. फोनमध्ये आंटी किंचाळल्या, "गोल! बघितलास?"

"बघितला आंटी," मी म्हटलं.

कुणी मारला ते मला मागाहून सालेमला विचारावं लागलं.