दोरीमामाचं स्टूल

सभागृहाने बाईंचा सत्कार करायचं ठरवलं आणि त्याचा ताप झाला दोरीमामाच्या खांद्याला.

दोरीमामा म्हणजे तिथला पडदेवाला. त्याचं खरं नाव कार्यालयातल्या कुणालाही धड आठवत नसे. लहानथोर सगळ्यांचा तो मामाच. विंगेत दोरीपाशी बसायचं, घंटा झाली की पडदा वर घ्यायचा, कार्यक्रम संपला की खाली सोडायचा, एवढ्यात त्याचा जन्म गेला. ऐकायला काय, सोपंच वाटतं. पण तो मखमली पडदा म्हणजे धूळ पिऊन पिऊन फुगलेला रेडा होता, वरची कप्पी कितीही तेल पाजलं तरी रडायची आणि मामाचा उजवा खांदा हल्ली घास उचलतानाही कुरकुरायचा. सत्कारानंतर पडद्याला मोटार बसणार होती. बटण दाबलं की काम फत्ते. याचं मामाला वाईट वाटत असेल असं लोकांना वाटायचं. "वाईट कसलं? मोटारीला खांदा नसतो. सुटलो एकदाचा," तो म्हणायचा.

आता हा सत्कार कसला, ते सांगायला हवं. बाईंचा आवाज ठाऊक नाही असं घर सापडणार नाही. लोक त्यांच्या गाण्यावर जेवले, झोपले, प्रेमात पडले. पण याच सभागृहाने बाईंना तरुणपणी नापास केलं होतं. त्यांचं नाव झाल्यावर संस्थेने कितीतरी वर्षं त्या गोष्टीवर मौन पाळलं. मग बाई थकल्या, काठी आली, कार्यक्रम थांबले, आणि आता कुठे नव्या अध्यक्षांना उपरती झाली. वरातीमागून घोडं म्हणतात, ते हेच.

नापास करण्याची इथली रीतही न्यारी होती. संस्थेला आपल्या न्यायाचा भारी अभिमान. गाणाऱ्याचं रूप, कपडे, वशिला काही दिसू नये म्हणून परीक्षा बंद पडद्याआड व्हायची. समिती खुर्च्यांवर, गाणारा रंगमंचावर, मधे मखमल. आवाज पसंत पडला तर समिती घंटा वाजवायची, मामा पडदा वर घ्यायचा आणि गाणाऱ्याला ते अख्खं सभागृह दिसायचं. नाही पडला तर घंटाच नाही. कुणी काही बोलायचं नाही. गाणारा वाट बघत उभा, आणि शेवटी मामाने हळूच सांगायचं, "बाहेर जायचं दार इकडून आहे." बहुतेकांच्या नशिबी तेच दार यायचं. म्हणून मामा घंटा ऐकल्याशिवाय स्टुलावरून उठतच नसे. कशाला उगाच गुडघे झिजवा?

बाई गायल्या त्या दिवशीही घंटा झाली नाही. मामाने दार दाखवलं, त्या गेल्या. त्यांच्यानंतर आणखी एक मुलगी गायली. तिच्याही वेळी घंटा झाली नाही. ती मान खाली घालून निघाली आणि छत्री विसरली. आठवड्याने छत्री न्यायला आली, तेव्हा मामाने ती पुसून, घडी घालून ठेवलेली होती. पुढे दोघांचं लग्न झालं आणि ती सगळ्यांची मामी झाली.

मामीने त्या दिवसानंतर गाणं सोडलं. सोडलं म्हणजे पार सोडलं. पोरांना झोपवायचं तर गोष्टी सांगायची, अंगाई नाही. भांडी घासताना बायका गुणगुणतात, ही तोंड मिटून घासायची. सभागृहाच्या मागच्या दारापर्यंत डबा आणून द्यायची, पण उंबरठा कधी ओलांडला नाही. रेडिओवर बाई लागल्या की मात्र हातातला झारा तसाच धरून उभी राहायची आणि गाणं संपलं की म्हणायची, "माझ्या आधी हीच होती." बस, तेवढंच. मग आमटी ढवळायची.

एक प्रश्न मात्र तिने जन्मभर सोडला नाही. वर्षा-दोन वर्षांनी, काही कारण नसताना, तो यायचाच. "अहो, तुम्ही तिथे होतात. खरं सांगा, मी कशी गायले होते?"

मामा काय सांगणार? देवाने त्याला कान दिले होते ते घंटा ऐकण्यापुरते. सूर म्हणजे काय हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही. खरं सांगायचं तर बाईंचं गाणंही त्याला इतरांसारखंच वाटलं होतं. खोटं बोलावं, तर मामी खोटं दारातच ओळखायची. "अगं, मला गाण्यातलं काय कळतंय? मला दोरी कळते," तो म्हणायचा. मामी सुस्कारा टाकायची आणि विषय पुढच्या खेपेपर्यंत मिटायचा.

सत्काराची बातमी आली आणि तो काही मिटेना.

कारण इतकी वर्षं मामीने मनाशी एक समजूत घातली होती. समितीतली माणसं जाणती. त्यांनी नाही म्हटलं म्हणजे आपल्यात नव्हतंच काही. दुःख होतं, पण त्याला बूड होतं. त्यावर बसता येत होतं. आता संस्था स्वतःच म्हणत होती, आमचं चुकलं. मग बाईंच्या बाबतीत चुकलं, तर तिच्या बाबतीत कशावरून नाही? या वयात हे कुठून उपटलं, असं तिला झालं. जेवताना विचारायची, अंथरूण घालताना विचारायची. मामा दमून यायचा, खांद्याला तेल चोळून घ्यायचा आणि तेच उत्तर द्यायचा. एकदा ती चिडून म्हणाली, "दगडाशी लग्न केलं असतं तर निदान प्रतिध्वनी तरी आला असता."

सत्काराच्या दिवशी मात्र ती स्वतःहून निघाली. मागच्या दाराशी क्षणभर थांबली आणि आत आली. मामाने तिला विंगेत आपल्या स्टुलावर बसवलं.

कार्यवाहांनी सोहळा मोठा हौसेने बसवला होता. बाईंनी पूर्वीसारखं बंद पडद्याआड उभं राहायचं, एक ओळ म्हणायची, अध्यक्षांनी घंटा वाजवायची आणि पडदा वर. बाई आल्या त्या दोन मुलींच्या आधाराने. उभं राहवेना म्हणून खुर्ची आणली. शाल नीट करता करता त्यांनी विंगेकडे पाहिलं.

"दार दाखवणारे तुम्हीच ना?"

"हो बाई. कामच होतं ते."

"दाखवलंत ते बरं केलंत," बाई म्हणाल्या. बोलतानाही त्यांना धाप लागत होती. "आता मात्र लवकर उघडा हो पडदा. पाठ फार दुखते."

त्या गायल्या. आवाज पार वाळून गेला होता, मामालासुद्धा ते कळलं. अर्धी ओळ झाली असेल नसेल, घंटा वाजली. दोरीला लोंबकळून मामाने पडदा वर घेतला. टाळ्यांचा नुसता पाऊस.

"ओळ पुरी तरी होऊ द्यायची," मामी पुटपुटली. "तेव्हा शेवटपर्यंत ऐकलं आणि वाजवली नाही. आज वाजवली, तर ऐकलं नाही."

मग भाषणं. नमनालाच घडाभर तेल जाळून अध्यक्ष मुद्द्यावर आले. "आपल्या संस्थेच्या एवढ्या मोठ्या इतिहासात," ते म्हणाले, "आमच्या हातून एकच चूक झाली. ती आज आम्ही दुरुस्त करत आहोत."

एकच चूक. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मामाने मामीकडे पाहिलं. ती समोरच्या पेटलेल्या दिव्यांकडे बघत होती आणि तिचे हात मांडीवर नुसते पडले होते.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "एकच. म्हणजे माझ्या वेळी त्यांचं बरोबर होतं."

मामाला त्या क्षणी अध्यक्षांचा, कार्यवाहांचा आणि स्वतःच्या बथ्थड कानांचा सारखाच संताप आला. पण संतापायलाही बळ लागतं. तो दोरीला टेकून उभा राहिला.

"अगं, गाणं मला तेव्हाही कळलं नाही, आज विचारलंस तरी कळणार नाही," तो म्हणाला. "पण तू गात होतीस ना, तेव्हा मी उभा होतो."

"उभे म्हणजे?"

"स्टुलावरून उठलो होतो. घंटा व्हायच्या आधी. दोरी दोन्ही हातांनी धरून उभा होतो, म्हटलं आता होईल, आता होईल. तुझं गाणं संपलं तरी सोडली नाही. समितीतला एक जण खोकला, तर वाटलं झाली घंटा, हातभर ओढलीसुद्धा. मग परत सोडली."

"बाईंच्या वेळी?"

"बाईंच्या वेळी? बसून चहा पीत होतो."

समोर हार, फुलं, फोटो चाललं होतं. मग तिने त्याच्याकडे अशी नजर टाकली की लग्नाला इतकी वर्षं होऊनही तो जरा घाबरला.

"आणि हे मला आज सांगताय? जन्मभर विचारतेय मी तुम्हाला!"

"तू गाण्याचं विचारायचीस," मामा म्हणाला. "दोरीचं कधी विचारलंच नाहीस."

तिने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं. कार्यवाहांनी पलीकडच्या विंगेतून हात हलवला: संपलं, पाडा पडदा. मामाने दोरीला हात घातला आणि खांद्यातून कळ आली तसा तो थबकला. मामी उठली. त्याच्या हातांच्या वर तिने आपले दोन्ही हात दोरीवर ठेवले.

"सोडा हळूहळू," ती म्हणाली. "बाईंच्या डोक्यात पडेल."