तिसरा राजा

सहा जानेवारीला आमच्या स्टुटगार्टमध्ये सुट्टी असते, आणि ती कशाची हे मला नऊ वर्षं माहीत नव्हतं. दुकानं बंद असतात म्हणून आदल्या दिवशी दूध आणून ठेवायचं, एवढाच त्या सणाचा आणि माझा संबंध. यंदा मी त्या सणातला राजा झालो. आठवलं की अजून तोंड कडू होतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक स्पॅनिश कुटुंब राहतं. शेजाऱ्याचे वडील इथे कारखान्यात कामाला आले, हा इथेच जन्मला, पण सण सगळे तिकडचे. त्याची मुलगी आणि माझी मुलगी दुसरीत एका वर्गात आहेत. त्यांच्याकडे सहा जानेवारीला मुलांना भेटी आणतात ते बाळ येशूला बघायला गेलेले तीन राजे, उंटांवर बसून. आदल्या दिवशी, पाच जानेवारीला, तिकडे गावोगाव या राजांची मिरवणूक निघते, ते खाऊ उधळतात, मुलं आपापल्या लाडक्या राजाला पत्र देतात. इथली स्पॅनिश मंडळी एक हॉल भाड्याने घेऊन तेवढ्यात ते भागवतात. तीन राजांमधला तिसरा काळा. आणि हा काळा राजा म्हणजे वर्षानुवर्षं कुणीतरी गोरा माणूस, तोंडाला काळं फासून. शेजाऱ्याच्या आजोबांच्या गावात तर म्हणे बाटलीचं बूच जाळून त्याची काजळी लावायचे.

गेल्या वर्षी तो रंग मुलांच्या गालांना आणि कपड्यांना लागला, आणि एका जर्मन बापाने लांबलचक ईमेल लिहिला की हे आजच्या काळात शोभत नाही. म्हणून डिसेंबरमध्ये शेजारी आमच्या दारात. मला वाटलं जिना झाडायची पाळी बदलून मागतोय. तो म्हणाला, "यंदा तिसरा राजा तू हो. तुला रंग लावायला नको."

तो हसत होता. आपण काही वाईट बोलतोय हे त्याच्या गावीही नव्हतं. आणि मी, शहाणा, "जा, गेर्न" म्हणालो. हो, आनंदाने. दार लावलं आणि अंगाचा तिळपापड झाला. त्याच्याकडे आमच्या घराची किल्ली असते, आमची पार्सलं तो घेतो, मुली एकमेकींच्या घरी जेवतात. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

"मग नाही म्हणायचं होतंस," बायको म्हणाली आणि भाजी परतत राहिली.

आई पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती. ती म्हणाली, "राजाच करतायत ना? हुजऱ्या तर नाही करत? आणि तू कुठे एवढा काळा आहेस. सावळा आहेस." हे सांगताना तिच्या हातात वाटी होती.

त्या वाटीबद्दल सांगायला हवं. आल्या दिवसापासून आई रोज संध्याकाळी माझ्या मुलीच्या तोंडाला, मानेला आणि हातांना डाळीचं पीठ, साय आणि हळद चोळायची. "रंग बापाचा घेतलाय पोरीने. पण वेळेवर घासलं तर उजळतो." बायको एकदा म्हणाली, "अहो आई, राहू द्या ना." आईने ऐकलं नाही, बायकोने पुन्हा विषय काढला नाही. मी तर एकदाही तोंड उघडलं नाही. थोड्या दिवसांसाठी आली आहे, कशाला वाद.

मुलगी आमचं मराठी सगळं समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. सुरुवातीला तिला मजा वाटायची, आजीच्या मांडीवर बसायला मिळतं म्हणून. मग एकदा आंघोळीनंतर टॉवेलवरचा पिवळा डाग मला दाखवून तिने विचारलं, "हा माझा रंग निघाला का? अजून किती राहिलाय?" मी ऑफिसची मेल वाचत होतो. "निघेल हळूहळू," म्हणालो.

त्यानंतर ती बेसिनपाशी साबण घेऊन मनगटं लाल होईपर्यंत चोळत बसायची. शाळेत बाह्या बोटांपर्यंत ओढून घेते, तिला थंडी वाजते का, असं तिच्या बाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, वाजत असेल. आता हे लिहितानाही मला माझी शिसारी येते.

पाच जानेवारीच्या दुपारी हॉलच्या मागच्या खोलीत मला तो पोशाख मिळाला. जांभळा झगा, फेटा, खोट्या सोन्याच्या माळा. झग्याच्या कॉलरला आतून गेल्या कित्येक वर्षांचा काळा रंग आणि घाम यांचा चिकट थर. वास तर असा की जुन्या मेणबत्त्या आणि कुणाची तरी मान एकत्र उकळलीय. मी तो झगा तसाच अंगात चढवला. पहिल्या दोन राजांना, म्हणजे पांढऱ्या आणि तांबूस दाढीवाल्यांना, झगे धुऊन इस्त्री केलेले मिळाले होते.

मग शेजारी आला, दोन पावलं मागे जाऊन त्याने मला न्याहाळलं, आणि खिशातून एक डबी काढली. म्हणाला, "दिव्यांखाली तू जरा फिका दिसतोयस. थोडासाच लावू?"

मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. घरात आई माझ्या पोरीला गोरी करत बसलीय आणि इथे हा मला काळा करायला निघालाय. ना इथला, ना तिथला. मी म्हटलं, "ती डबी माझ्या जवळ आणायची नाही." आवाज चढला असावा, कारण पांढरी दाढी वळून बघायला लागली. शेजाऱ्याचा चेहरा पडला, तो डबी खिशात घालून निघून गेला. नऊ वर्षांत इथे कुणालाही मी असं सरळ नाही म्हटलं नव्हतं.

स्टेजवर तीन खुर्च्या होत्या आणि सगळ्यांत लांब रांग माझ्यापुढे. मुलांचा लाडका म्हणे हाच राजा. मुलांचं मला काही वाटलं नाही, बिचारी पत्रं देत होती, घाबरत होती. त्यांच्या आयांनी वैताग आणला. एकीने फोटो काढता काढता माझ्या गालावरून बोट फिरवलं, ते बघितलं आणि मैत्रिणीला म्हणाली, "एष्ट." खरा आहे. बाजारात वांगं दाबून बघावं तसं. दोघी हसल्या, आणि मीही हसलो.

मग माझी मुलगी आली. शेजाऱ्याच्या मुलीबरोबर ती रांगेत होती हे मला दिसलंच नव्हतं. तिला सांगितलं होतं की बाबा ऑफिसला गेलाय. फेटा कपाळापर्यंत आणि खोटी दाढी छातीपर्यंत, ओळखणार नाही असं मला वाटलं. तिने पत्र दिलं नाही. ती माझ्या मांडीवर चढली, उजव्या हाताचं बोट जिभेवर ओलं केलं आणि माझ्या गालावर घासलं. आधी हळू, मग जोरात, मनगटांवर साबण घासते तसं. बोट दिव्यापाशी धरून बघितलं. स्वच्छ होतं.

ती माझ्या कानाशी आली. नेहमीसारखं जर्मनमध्येच बोलली, त्यात मराठी शब्द दोनच. "बाबा, आजीला सांग ना, निघत नाही ते."

मागची मुलं ढकलत होती. ती उतरली, गोळ्या घेतल्या आणि मैत्रिणीमागे पळाली. मी आणखी तासभर तिथे बसून पत्रं घेतली. समोर कोण येतंय, कोण जातंय, मला काही कळत नव्हतं. शेजाऱ्यावर, त्या बायांवर इतका भडकलो होतो मी, पण त्यांनी माझ्या बाबतीत एका दुपारी जे केलं ते माझ्या पोरीच्या बाबतीत माझ्याच घरात दोन महिने रोज होत होतं, आणि मी मेल वाचत होतो.

संध्याकाळी घरी आलो तर स्वयंपाकघरात आई वाटीत पीठ कालवत होती. मुलगी स्टुलावर बसली होती, बाह्या वर करून.

मी वाटी आईच्या हातातून घेतली आणि बेसिनमध्ये उलटी केली.

"अरे, साय होती त्यात," आई म्हणाली.

"आजपासून हे बंद, आई."

"काय झालं तुला? वाईट करतेय का मी पोरीचं? तुलासुद्धा लावायचे लहानपणी. पाचवीत जाईपर्यंत, रोज."

"मग बघ माझ्याकडे," मी म्हणालो.