सायलीचा फॉर्म मी भरला

"जुवेनाइल रुमॅटॉइड आर्थरायटिस," डॉक्टरबाई म्हणाल्या. आमचे चेहरे पाहून त्यांनी लगेच सोपं करून सांगितलं, "लहान मुलांचा संधिवात. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं." माझी मुलगी सायली तेव्हा दहा वर्षांची होती. संधिवात आजीला होतो, एवढंच मला ठाऊक.

सकाळी तिची बोटं आखडायची, गुडघे सुजायचे. स्टिरॉइड, म्हणजे सूज दाबणारं औषध, सुरू झालं. गुडघ्यांची सूज उतरली आणि चेहरा सुजला. वर्गातल्या मुली तिला टम्म पुरी म्हणायला लागल्या. ते औषध कधी एकदा बंद होतंय असं मला झालं होतं.

चौथ्या महिन्यात ओपीडीत दोन कागद मिळाले. एक पालकांनी भरायचा, एक मुलीने. आजारामुळे तिचं रोजचं जगणं किती अडतं, ते मोजायचं होतं. जिना चढताना दुखतं का? खेळता येत नाही असं होतं का? शाळेत अडचण येते का? उत्तरं तीनच: नेहमी, कधीकधी, नाही.

मी बेलापूरला सरकारी कचेरीत कारकून. फॉर्म दिसला की हात शिवशिवतात. शेरे नसलेली फाइल लवकर मंजूर होते, हे अंगात मुरलेलं. सायली पेन धरून विचार करत बसली, तेव्हा तिचाही कागद मी ओढून घेतला. दोन्हीकडे नाही, नाही, नाही. खाडाखोड एकही नाही. बाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला, कागद पाहिले आणि डोस कमी केला. मी खूश. त्या आनंदाची मला अजून लाज वाटते.

तीन महिन्यांनी तिचा उजवा गुडघा सरळ होईना. या वेळी बाईंनी मला बाहेर बसवलं आणि कागद तिच्याकडून भरून घेतला. मग मला आत बोलावून तो दाखवला, आणि 'नेहमी'वर खूण का केली याचं तिने दिलेलं कारणही सांगितलं. सायली शाळेत पाणीच पीत नव्हती. संडासात उकिडवं बसता येत नाही, म्हणून. आई रागावू नये यासाठी बाटली वाटेत ओतून द्यायची.

"मागच्या वेळी मी कागदावर विश्वास ठेवला," बाई म्हणाल्या. "तो तिचा नव्हता."

रिक्षात मी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस गं?"

"तुम्ही 'नाही' लिहिलं होतं ना, बाबा. मला वाटलं, तसंच सांगायचं असतं."

औषध पुन्हा वाढवलं, आणि आता ती सायकलसुद्धा चालवते. गुडघा मात्र पूर्ण सरळ होत नाही, आणि ते तीन महिने माझ्या नावावर आहेत. बाईंनी मला बाहेर बसवलं, हे त्यांचे उपकार. तुमच्या हाती असा कागद आला तर मुलाला द्या आणि गप्प बसा.

मागच्या तपासणीला सायलीच्या आखडलेल्या बोटांना लिहायला वेळ लागत होता. आमच्या मागचे दोघं पुढे गेले. मी पेन मागितलं नाही.