अकरा पायऱ्यांचा जिना

मिस्त्रीने ते पडकं घर घेतलं, तेव्हा त्याची बायको तोंडावर म्हणाली होती, "अहो, घर आहे की सांगाडा?" तीन बिऱ्हाडांचं घर. खाली पुढे एक, मागे एक, आणि वर एक, तेही बिनछपराचं. मिस्त्री छाती फुगवून म्हणाला, "आपण पुढच्यात कसंबसं राहू. मागचं नीट करून भाड्याने देऊ. मग वरचं बांधू, ते तुझं! दोन खिडक्या, मशीनवर सकाळचं ऊन. मग पुढचंही भाड्याने." बाई शिवणकाम करायची, जन्मभर अंधारात सुई ओवलेली. भुलली बिचारी.

पुढचं बिऱ्हाड म्हणजे नुसतं गोदाम. पलंगाखाली फरश्या, दारामागे चौकटी, चुलीशेजारी सिमेंटच्या गोण्या. शाळेचे गणवेश शिवले की ती सिमेंट उडू नये म्हणून चादरीखाली झाकून ठेवायची, तरी गिऱ्हाईक विचारायचंच, "काकू, याला खडू लागलाय का हो?" मिस्त्री दिवसभर लोकांची घरं लिंपायचा आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचं. कामाला माणूस चोख हो, ओळंबा लावल्याशिवाय वीट ठेवायचा नाही. पण इंच न् इंच जागा वसूल करायची भारी खोड.

त्या खोडीनेच घात केला. वर जायला चौदा पायऱ्यांचा ऐसपैस जिना होता. मागच्या बिऱ्हाडाला न्हाणीघर नव्हतं, आणि त्याशिवाय चांगला भाडेकरू फिरकत नव्हता. जिना आखडला तर तेवढी जागा निघते, हे मिस्त्रीच्या डोक्यात शिरलं. त्याने जिना तोडला, पायऱ्या उंच केल्या, चौदाच्या अकरा केल्या. दुसऱ्या कुणी असं काम सांगितलं असतं तर थापी खाली ठेवून निघून आला असता. स्वतःच्या घरात मात्र अक्कल गहाण!

"उभा झालाय हो," बाई म्हणाली.

"अगं, महिन्याभरात सवय होते."

मागचं बिऱ्हाड लगेच भाड्याने गेलं. वरच्याला मात्र नऊ वर्षं लागली. छपराची वाळू, विटा, पाणी, सगळं त्याच जिन्याने चढलं, आणि चढवलं कुणी? बाईनेच, डोक्यावर घमेलं घेऊन. मजूर लावायचा तर मिस्त्रीच्या जिवावर यायचं. खाली आली की मशीनवर बसायची, पुन्हा पायच हलवायचे. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा ती म्हणायची, वर राहायला गेलं की आराम.

यंदा खोली झाली. खरंच देखणी झाली. उजव्या खिडकीशी मशीनची जागा, आणि तिचा हात पोचेल तिथे कात्री अडकवायला खिळासुद्धा. मिस्त्री मशीन खांद्यावर घेऊन आधीच वर गेला आणि हाक मारली, "ये गं, बघ!"

ती निघाली. चौथ्या पायरीवर थांबली. सातवीवर तिचा गुडघा वाकेचना. मिस्त्रीने हात दिला, मागून आधार दिला, सगळं झालं. शेवटी ती बसली आणि बसूनच, एकेक पायरी सरकत खाली आली. वरची खोली झाल्यापासून तिने अजून पाहिलेली नाही.

"तोडतो हा जिना," मिस्त्री म्हणाला. "पुन्हा चौदा करतो."

"आणि भाडेकरूचं न्हाणीघर काय डोक्यावर बांधणार?" ती म्हणाली. "पुरे झालं. आता या घरात हातोडा वाजला तर मी निघून जाईन."

मशीन पुन्हा खाली आलं. गोण्यांच्या जागी, कोपऱ्यात. पुढच्या महिन्यात वरची खोली बघायला एक नवरा-बायको आले. बायको अगदी कोवळी पोरगीच, धावत वर गेली, धावत खाली आली.

"काकू, काय सुंदर ऊन येतं हो वर! जिना तेवढा उभा आहे."

"महिन्याभरात—" मिस्त्रीने तोंड उघडलं. बाईने मशीन थांबवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो किल्ल्या शोधायला लागला.

"शिवतेस का गं?" बाईने पोरीला विचारलं.

"थोडंफार."

"मग मशीन उजव्या खिडकीशी ठेव," ती म्हणाली. "कात्रीला खिळा आहे तिथे."